पीकपाणी काय म्हणतंय?

आमच्या निपाणी-चिकोडी भागात दारात आलेल्या माणसापुढे आधी गूळ-पाणी ठेवतात आणि मग पहिला प्रश्न विचारतात तो पीकपाण्याचा. घर मराठी असेल तर ‘काय पाव्हणं, पीकपाणी काय म्हणतंय?’ आणि घर कन्नड असेल तर ‘मळे-बेळे हेंगैती?’ मळे म्हणजे पाऊस आणि बेळे म्हणजे पीक. भाषा बदलली तरी प्रश्न तोच राहतो. विचारणारा उत्तर ऐकून घेतो, मध्येच आपल्या रानाची कथा सांगतो, आणि गुळाचा खडा विरघळेपर्यंत दोन अनोळखी माणसे एकमेकांना बऱ्यापैकी ओळखू लागतात. स्वागत म्हणतात ते याहून वेगळे काही असते असे मला वाटत नाही. हार, श्रीफळ आणि ध्वनिक्षेपक या गोष्टी पुढे आल्या.

मी हायस्कूलचा मुख्याध्यापक. तीस वर्षांच्या नोकरीत नव्या मुलांच्या स्वागताचे समारंभ मी इतके पाहिले आणि केले आहेत की, त्यातले भाषण झोपेतही म्हणू शकेन. परंतु २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मी पालकांच्या खुर्चीवर बसून एक स्वागत पाहिले. त्यावर तेव्हापासून मनात बरेच काही साचले आहे. ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवतो, कारण आपल्या सीमाभागातल्या पुष्कळ घरांना आज ना उद्या याच वाटेने जायचे आहे.

झाले असे की, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला ग्वाल्हेरच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. देशभरच्या कृषी विद्यापीठांतील पदवीच्या काही जागा अखिल भारतीय पातळीवर भरल्या जातात. त्यासाठी २०२३ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा द्यावी लागते. पोरीने ती दिली, संगणकावर पसंतीक्रम भरला, आणि गुणानुक्रमे तिच्या वाट्याला ग्वाल्हेर आले. बातमी ऐकून घरात आनंद झाला, पण त्याला चिंतेची किनार होती. भाऊ म्हणाला, “अण्णा, पोरीला शेतीच शिकायची हाय तर एवढ्या लांब कशाला? धारवाड हाय, कोल्हापूर हाय, राहुरी हाय. आणि शेती शिकायची म्हणजे काय शिकायची? मी काय करतोय मग?”

त्याच्या या शेवटच्या प्रश्नात शेतकरी बापाचे सारे दुखणे आहे. आमचे घर तंबाखूचे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी निपाणीचे शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर चोवीस दिवस ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार होऊन ते आंदोलन मोडले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. घरातली मोठी माणसे रात्रभर दिवा न लावता ओसरीवर बसून होती, एवढे मला स्पष्ट आठवते. आता आमच्या शिवारात तंबाखूची जागा बरीचशी उसाने आणि सोयाबीनने घेतली आहे. पण पिकाचा भाव आपल्या हातात नसतो, हे त्या वर्षी भावाच्या मनावर कोरले गेले ते कायमचे. म्हणून त्याला पोरीने शिकावे असे वाटते, आणि शिकून पुन्हा मातीत येऊ नये असेही वाटते. तिला बँकेत कृषी अधिकारी झालेली पाहायची त्याची इच्छा. कृषी महाविद्यालयाच्या दारात येणाऱ्या बहुतेक शेतकरी पालकांच्या मनात हीच दुहेरी इच्छा असते: मुलाने शेतीचे शिक्षण घ्यावे ते शेतीतून सुटण्यासाठी. अशा माणसाचे स्वागत कसे करायचे, हा सोपा प्रश्न नाही.

बेळगावहून गोवा एक्सप्रेसने आम्ही तिघे निघालो. पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी असे करीत ग्वाल्हेरला उतरलो तेव्हा दुसरी मध्यरात्र उलटून गेली होती. सिटी सेंटर भागात एका साध्या लॉजमध्ये खोली आधीच ठरवली होती. मी मराठीचा एम. ए. माझ्या डोक्यात ग्वाल्हेर होते ते शिंद्यांचे, दौलतरावांच्या छावणीतून वाढलेल्या लष्करचे, भास्कर रामचंद्र तांब्यांचे. १९६१ साली कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इथेच भरले होते आणि संमेलनाला पहिली महिला अध्यक्ष इथेच लाभली होती. सकाळी खिडकी उघडून पाहिले तर समोर कार्यालये, दवाखाने, कोचिंग क्लासचे फलक आणि पाठीवर दप्तरे घेतलेली पोरे. सिटी सेंटर हे ग्वाल्हेरचे नवे तोंड, आणि ते पूर्णपणे हिंदी. भाऊ बराच वेळ खाली पाहत उभा होता. मग म्हणाला, “इथं कुठं रान दिसंना, आणि शेतीचं कॉलेज कुठं असंल?”

महाविद्यालय तिथून फार लांब नाही. रेसकोर्स रस्त्यावर, मेळ्याच्या मैदानाजवळ आहे. हा ग्वाल्हेरचा मेळा १९०५ साली माधवराव शिंदे यांनी सुरू केला, आणि मुळात तो जनावरांचा बाजार होता. रिक्षात मी भावाला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा जरा सैल झाला. बैलबाजाराजवळ शेतीचे कॉलेज म्हणजे जागा बरोबर आहे, असे त्याचे मत पडले. हे महाविद्यालय १९५० सालचे. पुढे ते जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाखाली होते, आणि २००८ साली राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ ग्वाल्हेरात स्थापन झाल्यापासून त्याच्याकडे आहे.

सभागृहात मुले पुढे, पालक मागे. भिंड, मुरैना, शिवपुरीकडचे लोक जास्त, काही राजस्थानातले, दोन-तीन कुटुंबे दक्षिणेकडची. सांगितले गेले ते थोडक्यात असे: पदवी चार वर्षांची, सत्रे आठ. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीने आखलेल्या नव्या अभ्यासक्रमाची सुरुवात दोन आठवड्यांच्या ‘दीक्षारंभा’ने होते. त्यात मुलांना संस्था, शिक्षक, प्रक्षेत्र आणि एकमेकांची ओळख करून दिली जाते. पहिल्या वर्षानंतर कोणाला थांबावे लागले तर ठरलेले प्रात्यक्षिक काम पुरे करून प्रमाणपत्र मिळते, दुसऱ्या वर्षानंतर पदविका. म्हणजे घरच्या अडचणीने शिक्षण मध्येच सुटले तरी हात अगदी रिकामे राहत नाहीत. रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून लागू आहेत. त्याप्रमाणे विद्यार्थ्याने आणि पालकाने, दोघांनीही हमीपत्र द्यायचे असते. भावाने मला मजकूर दोनदा वाचायला लावला आणि मग सावकाश मराठीत सही केली. त्या सभागृहात बाप म्हणून त्याने केलेले ते पहिले काम.

चहाच्या वेळी एक उतारवयाचे प्राध्यापक पालकांत येऊन उभे राहिले. त्यांनी भावाला कुठून आलात, काय करता हे विचारले, आणि मग सहज म्हणाले, “आपके यहाँ पानी कैसा बरसा? अभी खेत में क्या है?” निपाणीपासून दोन रात्रींच्या अंतरावर, तिसऱ्याच भाषेत, तोच आमचा प्रश्न! भाऊ, जो सकाळपासून दहा शब्दही बोलला नव्हता, तो मोडक्यातोडक्या हिंदीत सुटला. ऊस, सोयाबीन, थोडा तंबाखू, आणि यंदाचा लांबलेला पाऊस. मग अवजारांवर गाडी आली. भावाने ‘कुळव’ म्हटले, ते त्यांना कळेना. त्याने हातवारे करून फास आणि दिंड दाखवली तेव्हा प्राध्यापक म्हणाले, “अरे, बखर!” आता आम्हा मराठीच्या माणसांना बखर म्हटले की सभासद आठवतो. इकडे बखर म्हणजे शेतातली, तणाचा इतिहास संपवणारी. विदर्भ-मराठवाड्यातला वखर तो हाच. आमचे कन्नड शेजारी त्याला कुंटे म्हणतात, आणि मुलीच्या इंग्रजी पुस्तकात तो ब्लेड हॅरो होतो. पेरणीच्या अवजाराचेही तसेच. आमची कुरी, कन्नडमधली कूरिगे, देशावर कुठे पाभर, कुठे तिफण. मुरैन्याकडचे एक गृहस्थही त्या गप्पांत ओढले गेले. त्यांनी चंबळच्या बीहडांबद्दल सांगितले. दर पावसाळ्यात पाण्याने जमीन चिरत जाते आणि शेताची कड खचते. त्यांचे मोहरीचे रान असेच तुटत चालले होते. भावाने विचारले, बांधावर काय लावता? दोघे त्यात इतके रमले की चहा थंड झाला.

माझी पुतणी थोड्या अंतरावर नव्या मुलींबरोबर उभी होती आणि बापाकडे पाहत होती. घरून निघताना तिने आईला बजावले होते, आप्पांना तिथे फार बोलू देऊ नका म्हणावे, त्यांना हिंदी येत नाही. आता ती पाहत होती की, एक प्राध्यापक तिच्या बापाचे बोलणे डोके हलवीत ऐकतो आहे. त्या दहा मिनिटांनी तिच्या पुढच्या चार वर्षांचा अर्धा पाया घातला, असे मी शिक्षक म्हणून समजतो.

हे मला इतके मोलाचे का वाटते, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या शाळेचा एक हुशार विद्यार्थी अशाच एका महाविद्यालयात दाखल झाला होता. त्या संस्थेचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही. मुलाबरोबर बाप गेला, डोक्याला पटका, हातात पिशवी. समारंभ विद्यार्थ्यांचा आहे असे सांगून त्याला बाहेर झाडाखाली बसवले. आत व्यासपीठावरून सांगण्यात आले की, मुलांनो, अडाणी शेतकऱ्यांना शहाणे करण्याचे काम तुम्हाला पुढे करायचे आहे. मुलाने टाळ्या वाजवल्या की नाही, कोणास ठाऊक. दिवाळीला तो घरी आला तो परत गेला नाही. कारणे अनेक असतील, खाणावळ, इंग्रजी, घरची आठवण. मी बापाला विचारले तर तो एवढेच म्हणाला, “सर, तिथं आमचं कोण नव्हतं.”

शेतीच्या उच्च शिक्षणाला आपल्याकडे शंभरांहून अधिक वर्षे झाली. पुण्याचे आणि नागपूरचे कृषी महाविद्यालय विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले, धारवाडचे १९४७ चे. त्याही आधी, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न सरकारपुढे मांडला होता. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेच्या लँड ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर आपली कृषी विद्यापीठे उभी राहिली. पहिले पंतनगरचे, १९६० सालचे. या विद्यापीठांना तीन कामे दिलेली असतात: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे प्रयोगशाळेत सापडलेले शेतापर्यंत नेणे. पण शेतकरी बाप मुलीला घेऊन दारात येतो, तेव्हा शेतच विद्यापीठापर्यंत चालत आलेले असते. त्याला झाडाखाली बसवणारी संस्था आपल्या तिसऱ्या कामाला दारातच नकार देते.

याला आणखी एक बाजू आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ असतो. मुले गावात राहतात, एकेका शेतकऱ्याबरोबर काम करतात, त्याचे रान, जनावरे, जमाखर्च समजून घेतात. तेव्हा यजमान शेतकरी असतो आणि पाहुणा विद्यार्थी. पहिल्या दिवशी ज्याने आपल्या बापाला मान मिळालेला पाहिला, तो चौथ्या वर्षी परक्याच्या ओसरीवर कसा बसायचे ते बरोबर जाणतो. ज्याने बाप झाडाखाली बसलेला पाहिला, तो वही उघडून प्रश्न विचारील, उत्तरे लिहील आणि निघून जाईल.

आपल्या सीमाभागातल्या मुलांची अडचण यात दुप्पट असते. घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत दोन्ही, वर इंग्रजी, आणि आता ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी हिंदी. आठशे पासष्ट गावांचा प्रश्न किती वर्षे चालला आहे ते मी वाचकांना सांगायला नको. त्या प्रश्नाने आपल्याला भाषेबद्दल हळवे केले आणि ते रास्तच आहे. पण मला या पोरीच्या निमित्ताने असेही दिसले की, दोन भाषांच्या मधोमध वाढलेले मूल तिसऱ्या भाषेला भीत नाही. एका वस्तूला दोन नावे असतात हे त्याला पाळण्यातच कळलेले असते. तिसरे नाव शिकायचे, एवढेच.

पहिले सत्र संपल्यावर मार्चमध्ये ती दहा दिवस घरी आली. भावाच्या ट्रंकेत मृदा आरोग्य पत्रिका पडून होती. २०१५ पासून सरकार माती तपासून ही पत्रिका देते, तिच्यात बारा गोष्टींचे आकडे असतात. आमच्याकडची पत्रिका कन्नडमध्ये. भाऊ कन्नड बोलतो फर्डे, पण शाळा मराठी झाल्याने वाचताना अडखळतो. म्हणून ती तशीच घडी करून ठेवलेली. पोरीने शाळेत कन्नड शिकले होते. तिने ओसरीवर बसून ती वाचली, इंग्रजीत शिकलेले आठवले आणि बापाला मराठीत सांगितले: सामू म्हणजे काय, आपल्या रानात सेंद्रिय कर्ब किती कमी आहे, आणि तो का कमी होत चालला आहे. शेजारचे कन्नड शेतकरी गूळ-पाणी घेत बसले होते. त्यांनी आपली पत्रिका आणून पुढे केली, त्यांना तिने कन्नडमध्ये सांगितले. मग बापाला म्हणाली, “आप्पा, यंदा पाचट जाळू नका. खोडव्यात तसंच सरीत कुजू द्या.”

यावर घरात दोन दिवस वाद झाला. पाचट ठेवले तर उंदीर होतात, पाणी नीट फिरत नाही, आंतरमशागत करता येत नाही, असे भावाचे म्हणणे. तीस वर्षे ऊस केलेल्या माणसाचे म्हणणे खोटे म्हणता येत नव्हते, आणि पोरीनेही ते म्हटले नाही. तिने विचारले, कुठल्या सरीत पाणी अडते ते दाखवा. दोघे रानात गेले. शेवटी निम्म्या रानातले पाचट ठेवायचे आणि निम्मे नेहमीप्रमाणे, असे ठरले. निकाल ऊस तुटेल तेव्हा कळेल. मला महत्त्वाचे वाटले ते हे की, शिकलेली पोर बापाला शहाणे करायला आली नव्हती. ती त्याला आधी विचारत होती.

ती पुढे शेतीत येईल का? भाऊ अजून बँकेचेच नाव घेतो. पोर काही बोलत नाही. मीही विचारत नाही. शेतीला भाव नसेल तर मुलांनी शेतीत यावे असा उपदेश करण्याचा अधिकार पगारदार चुलत्याला नाही. ती अधिकारी झाली तरी कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याला आधी खुर्ची देईल आणि मग पीकपाणी विचारील, एवढे मला पुरे आहे.

ज्यांची मुले यंदा दूरच्या महाविद्यालयात निघाली आहेत त्या पालकांना माझे सांगणे इतकेच: एक दिवसाची मजुरी बुडाली तरी बरोबर जा. भाषा येत नाही म्हणून मागे राहू नका. हमीपत्रावर आपल्या भाषेत सही करा, प्राध्यापकांना भेटा, आणि आपण काय पिकवतो ते न विचारता सांगा. संकोच आपण सोडला की मुलाचाही सुटतो.

आणि आम्हा शिक्षकांनाही यात घेण्यासारखे आहेच. यंदा आमच्या शाळेत आठवीच्या नव्या मुलांचे स्वागत होते तेव्हा मी भाषण बाजूला ठेवले आणि आलेल्या प्रत्येक पालकाला विचारले, आपण काय करता आणि यंदा काम कसे चालले आहे. एकाने टोमॅटोचा पडलेला भाव सांगितला. एकाने ट्रॅक्टरच्या हप्त्याचे गणित सांगितले. एक बाई उठून म्हणाल्या, मी विड्या वळते. मग दिवसाला हजार विड्या व्हायला किती तास लागतात, पान कसे भिजवायचे, कसे कापायचे आणि कुठली विडी नापास होते, ते त्यांनी मराठी-कन्नड मिसळून नीट समजावले. मुले चूप बसून ऐकत होती. पस्तीस पालक होते. त्या दिवशी शाळेचे पहिले दोन तास बुडाले.